काचेवरचीं अक्षरें

भविष्य सांगणें हा एके काळीं ज्योतिष्यांचा धंदा होता. गेल्या शंभर वर्षांत त्याचा बराचसा भाग मोठमोठ्या कंपन्यांनीं उचलला आहे. ज्योतिषी निदान ज्याचें त्याला वेगळें भविष्य सांगे, आणि त्यांत अधूनमधून साडेसातीही निघे. कंपन्या साऱ्या जगाला मिळून एकच भविष्य सांगतात व त्यांत साडेसाती कधींच निघत नाहीं. पूर्वीं हें भविष्य प्रदर्शनांतून सांगितलें जाई. आतां तें चारपांच मिनिटांच्या लहानशा चित्रपटांतून सांगितलें जातें. या चित्रपटांतलीं यंत्रें पुढें प्रत्यक्षांत आलीं कीं नाहींत याचा हिशेब पुष्कळांनीं मांडलेला आहे. परंतु त्यांकडे एक रचना म्हणून, रसिकाच्या दृष्टीनें, फारसें कोणी पाहत नाहीं. प्रस्तुत लेखांत त्यांच्या एकाच अंगाचा विचार करावयाचा आहे, आणि तें अंग म्हणजे त्यांत दिसणारीं अक्षरें. हस्ताक्षरावरून माणसाचा स्वभाव ओळखतां येतो असें म्हणतात. कंपन्यांच्या अक्षरांवरून त्यांच्या भविष्यकाळाचा स्वभाव कितपत ओळखतां येतो तें पाहूं.

या प्रकाराचें एक ठळक उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कच्या १९३९ सालच्या जागतिक प्रदर्शनांतील जनरल मोटर्सचें ‘फ्यूचरामा’ हें दालन. नॉर्मन बेल गेडीस या कल्पक आरेखकानें तेथें १९६० सालच्या अमेरिकेची भलीमोठी प्रतिकृति मांडली होती. प्रेक्षक सरकत्या खुर्च्यांत बसून तिच्यावरून फिरत, आणि ‘मीं भविष्यकाळ पाहिला आहे’ अशा अर्थाचा एक बिल्ला घेऊन बाहेर पडत. मोटारी विकणाऱ्या कंपनीच्या भविष्यांत रुंद रस्ते फार असावेत यांत नवल नाहीं. नवल आहे तें त्या बिल्ल्याचें. भविष्यकाळ ही घडवावयाची वस्तु नसून पाहावयाची वस्तु आहे, आणि ती एकदां पाहिली म्हणजे आपलें काम संपलें, ही समजूत त्या इवल्याशा बिल्ल्यानें लोकांच्या छातीवर टांचून दिली.

अक्षरांच्या वळणांतही भविष्यकाळ आणण्याची हौस त्याच सुमाराची. १९२७ सालीं जर्मनींत पाउल रेनर यानें वर्तुळ, त्रिकोण आणि सरळ रेषा यांच्या आधारानें एक रोमन वळण घडविलें. त्याचें नांवच ‘फ्यूचुरा’. पुढें १९५२ सालीं इटलींतील ट्यूरिन शहरीं, नेबिओलो या टाईप ओतणाऱ्या कारखान्यांतून, अलेस्सांद्रो बुत्ती व आल्दो नोव्हारेसे यांचें ‘मिक्रोग्रामा’ बाहेर पडलें. त्यांत केवळ मोठीं रोमन अक्षरें होतीं. १९६२ सालीं नोव्हारेसे यानें त्याला लहान अक्षरांची जोड देऊन ‘यूरोस्टाइल’ सिद्ध केलें. यांतलें ‘ओ’ हें अक्षर धड गोल नाहीं व धड चौकोनीही नाहीं. कोपरे घासून गुळगुळीत केलेल्या चौकोनासारखें, त्या काळच्या दूरचित्रवाणीच्या पडद्यासारखें तें दिसतें. अवकाशयानांच्या चित्रपटांनीं हें वळण इतकें वापरलें कीं तें दिसतांच ‘ही गोष्ट पुढच्या शतकांतली’ हें प्रेक्षक ओळखूं लागले. रविवर्म्याच्या चित्रांतल्या लक्ष्मी-सरस्वती जशा चित्रकाराच्या काळचीं लुगडीं नेसून उभ्या राहतात, तसा हा भविष्यकाळ महायुद्धोत्तर इटलीचा पोशाख घालून आपल्यापुढें उभा राहतो. यांत दोष कांहींच नाहीं. प्रत्येक युगाला स्वतःच्याच कपड्यांत स्वप्नें पडतात. प्रश्न एवढाच कीं, त्या पोशाखाच्या आंत कोणी माणूस आहे किंवा नाहीं.

स्टॅन्ले क्युब्रिकच्या १९६८ सालच्या ‘२००१: ए स्पेस ओडिसी’ या चित्रपटांत तो माणूस आहे. हा चित्रपट कोणा कंपनीची जाहिरात नव्हे, तरी खऱ्या कंपन्यांचीं नांवें त्यांत आहेत: अवकाशयानावर पॅन ॲमचें, दूरध्वनीवर बेलचें. वर सांगितलेलें इटालियन वळणही त्यांत ठिकठिकाणीं भेटतें. परंतु कलावंताच्या हातीं पडल्यामुळें येथें अक्षरांना कांहीं काम मिळालें आहे. एक गृहस्थ अवकाशस्थानकावरून आपल्या लहानग्या मुलीशीं बोलतो. तिचें मुख पडद्यावर दिसतें, आणि बोलणें संपतांच त्याच पडद्यावर आकार उमटतो — एक डॉलर सत्तर सेंट. तोच गृहस्थ पुढें वजनरहित अवस्थेंतील शौचकूपाच्या दाराशीं लावलेली लांबलचक सूचना गंभीर चेहऱ्यानें वाचीत उभा असलेला दिसतो. आणि निद्रिस्त ठेवलेल्या तीन प्रवाशांचे प्राण संगणक घेतो, तेव्हां रक्ताचा थेंब दिसत नाहीं कीं किंकाळी ऐकूं येत नाहीं. केवळ फलकावरचे शब्द बदलत जातात: यंत्रांत बिघाड, जीवनक्रिया धोक्यांत, जीवनक्रिया समाप्त. चित्रपटसृष्टींतला हा बहुधा सर्वांत शांत खून असेल, आणि तो वाचणाऱ्यालाच कळतो.

पैसे मोजावे लागतात, सूचना वाचाव्या लागतात, आणि वाईट बातमी अक्षरांतूनच येते, या तीन गोष्टी क्युब्रिकनें भविष्यकाळांतही कायम ठेवल्या. काळाचा विनोद असा कीं, बेलचा अवाढव्य पसारा १९८४ सालीं विभागला गेला, पॅन ॲम १९९१ सालीं बंद पडली. खरें २००१ साल उजाडलें तेव्हां त्या चित्रपटांतले धनी नाहींसे झाले होते आणि अक्षरांचें वळण मात्र शाबूत होतें.

आतां कंपन्यांच्या स्वतःच्या चित्रांकडे वळूं. १९८७ सालीं ॲपल कंपनीनें ‘नॉलेज नॅव्हिगेटर’ नांवाचा एक लघुपट काढला. त्यांत पुस्तकासारखें उघडणारें एक यंत्र आहे व त्याच्या पडद्यावर गळ्याला बो बांधलेला एक कृत्रिम सहायक आहे. एक प्राध्यापक त्याच्याशीं बोलून व्याख्यानाची सामग्री गोळा करतो. येथें वाचणें कमी व बोलणें अधिक, ही पुढच्या साऱ्या चित्रांची खूण दिसूं लागली आहे. तथापि या लघुपटांत थोडा मनुष्यस्वभाव उरला आहे. प्राध्यापकमहाशयांनीं व्याख्यानाची तयारी शेवटच्या घटकेपर्यंत लांबविली आहे, आणि वडिलांच्या वाढदिवसाची आठवण देण्यासाठीं आई त्यांचा पिच्छा पुरवीत आहे. यंत्र नवें असलें तरी आळस जुना आहे, आणि तेवढ्यामुळेंच तें चित्र खरें वाटतें.

१९९३ सालीं एटी अँड टी कंपनीनें काढलेल्या जाहिरातींची तऱ्हा निराळी होती. हजारों मैलांवरून कधीं पुस्तक मागविलें आहे काय? गाडी न थांबवितां कधीं पथकर भरला आहे काय? असे प्रश्न एक भारदस्त आवाज विचारी आणि शेवटीं उत्तर देई कीं, ‘तुम्ही कराल.’ यांतलें पुष्कळसें खरें झालें. मात्र तें बहुतेक दुसऱ्यांच्याच हातून झालें. मराठी वाचकाला यांत एक गंमत चटकन दिसावी. आपल्या भाषेंत भविष्यकाळाचें रूप आज्ञेसाठींही वापरतात. ‘उद्यां सकाळीं सहाला येशील’ असें मोठा माणूस धाकट्याला म्हणतो तेव्हां तें भाकीत नसतें. कंपन्यांचा भविष्यकाळ हा या जातीचा आहे. व्याकरणांत तो काळ दिसतो, अर्थानें ती आज्ञा असते.

या आज्ञेला तिचें परिपूर्ण अक्षर पुढल्या शतकांत मिळालें. २००९ सालीं व पुन्हां २०११ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपल्या कल्पनेंतील भविष्याचे लघुपट काढले. २०११ सालींच काच बनविणाऱ्या कॉर्निंग कंपनीनें ‘काचेचा दिवस’ अशा अर्थाच्या नांवाचा लघुपट काढला. कॉर्निंगच्या चित्रांत न्हाणीघरांतल्या आरशावर दिवसाचीं कामें उमटतात, स्वयंपाकघराचा ओटा उजळतो. काच विकणाऱ्यानें जग काचेचें करावें हें समजण्यासारखें आहे. मायक्रोसॉफ्टच्या चित्रांत दोन भाषांचीं मुलें काचेच्या भिंतीच्या दोन बाजूंनीं बोलतात आणि भाषांतर क्षणांत समोर येतें. प्रवासी बाईच्या मोटारीची खिडकी तिला उद्यांच्या सभेची इमारत दाखविते. सगळीकडे अक्षर एकाच वाणाचें: मोठें, सडपातळ, पांढरें, आणि पारदर्शक पृष्ठावर अधांतरीं तरंगणारें. ब्रेट व्हिक्टर या आरेखकानें २०११ सालींच या चित्रांवर मार्मिक टीका केली कीं, मनुष्याचा हात धरतो, दाबतो, तोलतो, आणि या भविष्यांत त्याला केवळ काचेवर बोट फिरविण्याचें काम उरतें. त्यानें हाताची बाजू मांडली. डोळ्याचीही एक बाजू आहे.

ती अशी कीं, हीं अक्षरें वाचण्यासाठीं नाहींत. चित्रांतलीं माणसें त्यांकडे दृष्टि टाकतात, हंसतात आणि बोटानें बाजूला सारतात. कोणी एखादें वाक्य दोनदां वाचीत नाहीं, कोणाला अर्थ लागेनासा होत नाहीं, कोणी चष्मा शोधीत नाहीं. क्युब्रिकच्या त्या तीन गोष्टी येथें लावून पाहाव्यात. आकार? तो कधींच उमटत नाहीं. सूचना, अटी, करारनामा? प्रत्यक्षांत याच कंपन्या कोणतीही वस्तु वापरूं देण्यापूर्वीं पानेंच्या पानें अटी पुढें करतात. भविष्यांत त्यांतली एक ओळ दिसत नाहीं. वाईट बातमी? आरशावर उमटतात त्या सभांच्या वेळा आणि आप्तांचे निरोप. नोकरी गेल्याचें पत्र तेथें उमटत नाहीं. अक्षर येथें दागिना झालें आहे. आणि ज्या जगांत अक्षर दागिना होतें, त्या जगांत वाचून मग ‘नाहीं’ म्हणणारा माणूसही उरत नाहीं.

जाहिरातीकडून इतकी अपेक्षा कशाला, असा आक्षेप यावर येईल. मिठाईच्या दुकानाच्या पाटीवर मधुमेहाची चर्चा कोणी करीत नाहीं. हें मान्य, परंतु चित्रांतलें अक्षर चित्रांत राहत नाहीं, तें आपल्या हातांत येतें. २०१३ सालीं ॲपलनें फोनच्या पडद्याचें रूप पालटलें, तेव्हां परीक्षणाच्या आरंभींच्या आवृत्त्यांत अक्षरें इतकीं सडपातळ होतीं कीं तक्रारी झाल्या. लोकांच्या हातीं पडण्यापूर्वीं तीं जाड करावीं लागलीं आणि ठळक अक्षरांची निराळी सोय ठेवावी लागली. २०२५ सालीं त्याच कंपनीनें ‘लिक्विड ग्लास’ नांवाचें काचेसारखें रूप आणलें, आणि थोड्याच काळांत ती काच दाट करून घेण्याची मुभा द्यावी लागली. चित्र काढतांना ज्या डोळ्यांचा विचार केला नाहीं, ते डोळे वस्तु बाजारांत आल्यावर आपलें अस्तित्व जाणवून देतात. साठीच्या पुढचा मनुष्य त्या लघुपटांत क्वचित् असेल. बाजारांत तो फार आहे.

आपल्या लिपीचा प्रश्न येथेंच उपस्थित होतो. रोमन अक्षर एका ठराविक उंचींत बरेंचसें सामावतें. देवनागरीला शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार व रफार यांसाठीं जागा लागते, आणि खालीं उकार व जोडाक्षरें यांसाठीं लागते. रोमनच्या मापानें आंखलेल्या चौकटींत ती बसविली कीं डोकें तरी कापलें जातें किंवा पाय तरी. शिवाय मराठीच्या म्हणून कांहीं गरजा आहेत. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांतला सारा भेद एका लहानशा चिन्हावर अवलंबून आहे. तें चिन्ह ज्या टाईपांत नसेल त्यांत व्याख्यानाला स्वयंपाकी येण्याची भीति आहे. काचेच्या भिंतीवर क्षणांत भाषांतर उमटविणाऱ्या चित्रकाराला असल्या भेदाशीं कर्तव्य नसतें.

परंतु तो भेद कोणाला तरी सांभाळावाच लागतो, आणि तेथें भविष्यकाळाचें खरें काम चालतें. त्याच मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज २०००’ बरोबर ‘मंगल’ नांवाचें देवनागरी वळण आलें. तें कवि आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनीं घडविलें. मुंबईच्या आय.आय.टी.मध्यें त्यांनीं अध्यापन केलें होतें. २००८ सालीं ते निवर्तले. मंगलच्या देखणेपणाविषयीं मतभेद असूं शकतील. परंतु अर्जापासून निमंत्रणपत्रिकेपर्यंत किती मराठी मजकूर त्या वळणांत वाचला गेला याची गणती नाहीं. एकोणिसाव्या शतकांत निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींनीं शिशाच्या खिळ्यांवर जी मेहनत घेतली तिचाच हा पुढचा अध्याय होय. एका जोडाक्षराची मात्रा नेमकी कोठें बसावी हें ठरविण्यांत कोणाचे दिवस जातात, त्याचा लघुपट निघत नाहीं. एकाच कंपनीनें भविष्याचें चित्रही काढलें आणि हें अक्षरही घरोघर पोंचविलें. त्यांतलें चित्र आज जुनें झालें आहे, अक्षर वापरांत आहे.

यावरून कंपन्यांनीं स्वप्नें पाहूं नयेत असें मुळींच म्हणावयाचें नाहीं. स्वप्नावांचून यंत्रही होत नाहीं. म्हणणें इतकेंच कीं, तीं स्वप्नें पाहतांना आपण फ्यूचरामाच्या खुर्चींतले प्रेक्षक होऊं नये. पुढचा असा लघुपट येईल तेव्हां त्यांतल्या यंत्राच्या आधीं त्याचीं अक्षरें पाहावींत. तीं कोणाच्या लिपींत आहेत, तीं आजीला चष्म्याशिवाय दिसतील काय, त्यांत कोठें आकार आणि अटी लिहिल्या आहेत काय, आणि एखादी नकोशी बातमी सांगण्याचें धैर्य त्यांच्या अंगीं आहे काय, हें विचारावें. ज्या भविष्यांत या प्रश्नांना जागा आहे, तें कितीही ओबडधोबड टाईपांत छापलेलें असलें तरी राहण्याजोगें आहे. ज्यांत ती नाहीं, तें केवळ स्वच्छ पुसलेली काच आहे. तींतून पलीकडचें काय दिसावयाचें तें दिसो, तिच्यावर आपलें म्हणून कांहीं लिहितां यावयाचें नाहीं.