खून त्या काळाचाच हवा

हल्लीच्या ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्यांत एक गृहस्थ हमखास भेटतो. शतक कोणतंही असो, हा तपासनीस देवाधर्माला हसतो, नोकराला बरोबरीनं वागवतो आणि स्त्रियांच्या हक्कांवर आजच्या अग्रलेखासारखं बोलतो. भोवती मेणबत्त्या, घोडागाड्या, चार पानं मेजवानी. खून मात्र कालच्या पेपरातही खपला असता. जेन ऑस्टिनला गुप्तहेर करणाऱ्या मालिकेबद्दल न बोललेलंच बरं. अगाथा ख्रिस्तीनंही १९४४ साली चार हजार वर्षांपूर्वीचं इजिप्त मांडलं; पण ते कुटुंब उचलून इंग्लंडातल्या कुठल्याही बंगल्यात ठेवावं, काही अडत नाही.

वाचायची खरी मजा गुन्हाच त्या काळाच्या पोटातून निघतो तेव्हा. एलिस पीटर्सची ‘मंक्स हूड’ (१९८०) घ्या. साल ११३८, श्रूजबरीचा मठ. एक जमीनदार आपली जहागीर मठाला देऊन, त्या बदल्यात उरलेलं आयुष्य मठाच्या आसऱ्यानं काढायला येतो आणि करारावर शिक्का बसायच्या आत विषानं मरतो. विष बचनागाचं, तेही मठातल्याच साधूनं, म्हणजे तपास करणाऱ्या ब्रदर कॅडफेलनं, सांधेदुखीवर चोळायला बनवलेल्या तेलातलं. संशय सावत्र मुलावर, कारण करार फिसकटला की जमीन त्याची. इंग्लंडच्या कायद्यानं हिशेब चोख आहे. पण जमीन वेल्समध्ये! आणि तिथल्या कायद्यात बापानं मान्य केलेल्या अनौरस मुलालाही औरसाइतकाच हक्क. या एका कलमानं सगळा डाव फिरतो. (खुनी कोण, ते इथं सांगायचं नाही.) कॅडफेल हे ओळखतो तो वेल्श असल्यामुळं, काळाच्या पुढं असल्यामुळं नव्हे.

सुजाता मॅसीच्या ‘द विडोज ऑफ मलबार हिल’मध्ये (२०१८) हेच बळ आहे. १९२१ची मुंबई, तीन पडदानशीन विधवा, आणि त्यांनी आपली निकाहाची मेहेर वक्फच्या धर्मादायाला देऊन टाकल्याचे संशयास्पद कागद. परवीन मिस्त्री ही पारशी वकील कोर्टात उभी राहू शकत नाही, पण पुरुष वकिलाला बंद असलेल्या जनान्यात जाऊ शकते. नाशिकला जन्मलेल्या वकील कॉर्नेलिया सोराबजींची आठवण हे पात्र घडवताना लेखिकेसमोर होती. कादंबरीकार ओऱ्हान पामुक तर कळसच गाठतो. त्याच्या ‘माय नेम इज रेड’मधल्या १५९१च्या इस्तंबूलमध्ये चित्रकारानं स्वतःची शैली दाखवणं हाच दोष. आणि खुन्याचा माग लागतो तो चित्रातल्या घोड्याच्या नाकपुडीच्या रेषेवरून.

वाचकाला जवळचा वाटावा म्हणून नायक आधुनिक लागतो, असा युक्तिवाद केला जातो. तो साफ खोटा आहे. आपल्यासारखाच माणूस भेटणार असेल, तर वाचकानं आठशे वर्षं मागं जायचं कशाला? जुन्या माणसाच्या श्रद्धा काढून घेतल्या की त्याचे हेतू जातात, आणि हेतू गेले की रहस्यच उरत नाही.

मराठीला तर ही सबब मुळीच शोभत नाही. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला. मारेकरी गारदी शिपायांच्या थकलेल्या पगाराची तक्रार होती, घरातलं वैर होतं, आणि तपासाला न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे होते, ज्यांनी शिक्षेसाठी धर्मशास्त्राकडं पाहिलं. त्यावर शोकांतिका पुष्कळ झाल्या. आता कुणी पुण्याच्या पेशवे दफ्तरातली मोडी वाचून तपासाची कादंबरी लिहावी. रामशास्त्र्यांना मानवी हक्कांचा वकील तेवढा करू नये.