लांबी आहे, बढत कुठे आहे?

स्टीव्हन विल्सनचा 'द ओव्हरव्ह्यू' 2025च्या मार्चमध्ये आला आणि प्रोग्रेसिव्ह रॉकवाल्यांनी तो डोक्यावर घेतला. अल्बममध्ये दोनच गाणी, एक 23 मिनिटांचं आणि दुसरं 18. निम्म्या लोकांचा निकाल एवढ्यावरच लागला होता. मला या कौतुकाची चीड येते, आणि ती विल्सनवर नाही. किंग क्रिमसन, येस, जेथ्रो टल यांचे जुने अल्बम त्याने नव्याने मिक्स केले, तेव्हा मेलोट्रॉनखाली दबलेली वाद्यं सुटी ऐकू आली. ते उपकार आहेतच. पण 'द ओव्हरव्ह्यू'मधल्या पहिल्या, 'ऑब्जेक्ट्स आउटलिव्ह अस' या गाण्याचे तुकडे आगगाडीच्या डब्यांसारखे जोडलेले आहेत. एखादा काढून घेतला तर मागच्या-पुढच्याला काही होत नाही. दुसऱ्या गाण्यात एक बाई ग्रहताऱ्यांचे आकार वाचून दाखवते. विश्व अफाट आहे हे आपल्याला सांगितलं जातं, सुरांतून ते अफाटपण कानावर येत नाही.

अलीकडच्या बाकीच्या प्रोगमध्येही रमण्यासारखं फारसं नाही. ड्रमर माइक पोर्टनॉय परतल्यावर ड्रीम थिएटरने 'पॅरासोम्निया' काढला, त्यात तयारीपलीकडे काही नाही. टूलने 'फिअर इनॉक्युलम'साठी 13 वर्षं घेतली. ड्रमर डॅनी कॅरीचा हात विलक्षण आहे, गाणी मात्र जिथे सुरू होतात तिथेच संपतात.

लांब गाणं कशासाठी असतं हे कळायला क्रिमसनच्या 'रेड'मधलं 'स्टारलेस' ऐकावं. 12 मिनिटांच्या या गाण्यातले शब्द चार-साडेचार मिनिटांत आटोपतात. मग जॉन वेटनचा बेस 13 मात्रांचं एक जड आवर्तन धरतो. ते रचलं ड्रमर बिल ब्रुफर्डने. त्यावर रॉबर्ट फ्रिप एकच सूर वाजवतो. पुन्हा तोच, दुसऱ्या तारेवर. काही आवर्तनांनी किंचित वर सरकतो आणि पुन्हा तिथेच ठाण मांडतो. ब्रुफर्ड आधी लाकडी ठोके देत राहतो, भरून वाजवायला सुरुवात करतो ती फार उशिरा. ज्याची बोटं कुठेही धावू शकतात असा गिटारवाला इतका वेळ ती आवरून धरतो. ऐकणाऱ्याचं मात्रा मोजणं सुटतं, कारण समेपेक्षा तो सूर आता कधी तुटतो याचीच धास्ती लागलेली असते. शेवटी सुरुवातीची धून सॅक्सोफोनवर परत येते. मधली मिनिटं गाळून ती ऐकून पाहा, नुसती गोड वाटते. त्या मिनिटांतून आल्यावर तीच सहन होत नाही. बढत म्हणतात ती ही.

ही बढत 1977च्या पंकने संपवली, असं आपण वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत आलो. पण ते खरं नाही. उत्तर लंडनमधल्या हायबरीच्या वेसेक्स स्टुडिओत 1969मध्ये क्रिमसनचा पहिला अल्बम झाला. सेक्स पिस्टल्सचंही ध्वनिमुद्रण तिथेच झालं आणि टॉक टॉकचा 'स्पिरिट ऑफ ईडन'ही (1988) तिथलाच. पिस्टल्सच्या जॉनी रॉटनने 1977मध्ये लंडनच्या कॅपिटल रेडिओवर आपल्या आवडीच्या तबकड्या लावल्या, त्यांत व्हॅन डर ग्राफ जनरेटरचा पीटर हॅमिल होता. प्रोग आणि पंक यांच्यामधली भिंत वादकांपेक्षा श्रोत्यांनीच जास्त जपली.

टॉक टॉक हा सिंथ-पॉपवर नाव कमावलेला बँड. त्याचा गायक मार्क हॉलिस आणि निर्माता टिम फ्रीझ-ग्रीन यांनी वादकांना अंधाऱ्या स्टुडिओत बसवून तासन्‌तास वाजवून घेतलं आणि त्यातलं बहुतेक टाकून दिलं. 'लाफिंग स्टॉक'मधलं (1991) 'आफ्टर द फ्लड' ऐका. ड्रम्सचा साधा ठेका जराही न हलता चालू असतो आणि मध्येच एक फाटका, कर्कश सूर घुसतो. मिनिटभराहून जास्त वेळ तोच. वाद्य बिघडलंय असं वाटावं असा तो आवाज, पण त्यानंतर मूळची स्वरसंगती उमटते तेव्हा अंगावर काटा येतो. 'स्टारलेस'मधला तो आवरून धरलेला सूर 17 वर्षांनी इथे ऐकू येतो.

आणि अलीकडे 'ब्लॅक कंट्री, न्यू रोड' हा बँड. 'अँट्स फ्रॉम अप देअर'मधलं (2022) 'स्नो ग्लोब्ज' घ्या. एक संथ धून, तिच्यात एकेक वाद्य मिसळत जातं. मग चार्ली वेनचे ड्रम्स ठेका सोडून बेभान होतात आणि बाकीचे सगळे आपली लय तसूभरही न ढळवता तीच धून वाजवत राहतात. गायक आयझॅक वुडचा आवाज या दोन्हींच्या मध्ये सापडलेला. गेल्या दहा वर्षांत प्रोग म्हणून विकलेल्या एकाही अल्बममध्ये मला हा ताण भेटलेला नाही.

तरी हा अल्बम आपला म्हणायला प्रोगवाले तयार नाहीत. मुखपृष्ठावर अंतराळ नाही, कीबोर्डची आतषबाजी नाही, गाणाऱ्याचा आवाज चिरकतो, म्हणून? हॅमिलचा आवाज काय रेशमी होता? तिकडे अल्टरनेटिव्हवाल्यांना प्रोग हे नाव घेतलं तरी लाज वाटते. नुकसान दोघांचंही होतं आहे, पण अधिक दोष मी आपल्याच गोटाला देईन. एकच अल्बम आधी तबकडीवर, मग सीडीवर, मग पाच स्पीकरांच्या मिक्समध्ये, मग अ‍ॅटमॉसमध्ये, असा चौथ्यांदा विकत घेणारे आपणच. पन्नास वर्षांपूर्वीची गाणी नोंदीबरहुकूम वाजवणाऱ्या दौऱ्यांना गर्दी करणारेही आपणच. इकडे 'अँट्स फ्रॉम अप देअर' बाजारात येण्याच्या चारच दिवस आधी वुडने बँड सोडल्याचं जाहीर केलं. उरलेल्यांनी त्याची गाणी मंचावर वाजवणं बंद केलं आणि नवी लिहून तीच घेऊन ते लोकांसमोर उभे राहिले. फ्रिपने 'रेड' दुकानांत पोचण्याआधीच क्रिमसन मोडला होता, त्याला आपण अजून धाडस म्हणतो. मग या सहा जणांना आपल्या याद्यांमध्ये जागा का नाही, याचं उत्तर आपण द्यायला हवं.