पायडल ठेवलेली गाडी

१९४६ साली जपानमधल्या हामामात्सू शहरात सोइचिरो होंडा यांनी सायकलीला इंजिन जोडायला घेतलं, तेव्हा त्यांच्याजवळ पेट्रोलची टाकी नव्हती. थंडीत अंथरूण उबदार राहावं म्हणून गरम पाणी भरून ठेवायचं एक भांडं होतं. त्यांनी तेच टाकी म्हणून बसवलं. इंजिनही सायकलीसाठी घडवलेलं नव्हतं. जपानी लष्कराच्या वायरलेस संचाला वीज पुरवणाऱ्या जनरेटरचं ते छोटं इंजिन, युद्ध संपल्यावर बिनकामाचं होऊन पडलेलं. पुढे यातून केवढी कंपनी उभी राहिली, ती कथा सगळ्यांना ठाऊक आहे. मला मात्र ही गाडी आपल्याकडच्या सोनपेठच्या एखाद्या वेल्डिंगच्या दुकानात उभी असल्यासारखी बघायची आहे. उसाच्या ट्रॉल्या आणि नांगराचे फाळ दुरुस्त करणारा कारागीर ती बघेल तशी: उकिडवं बसून, काय कशाला जोडलंय ते हाताने चाचपत.

पहिली रचना फसली होती. इंजिन हँडलच्या पुढे होतं आणि त्याचा रोलर पुढच्या टायरवर घासून चाक फिरवायचा. फ्रान्समधल्या सोलेक्सने हीच युक्ती पुढे वर्षानुवर्षं चालवली, पण युद्धानंतरच्या जपानमधले टायर त्या घासण्याला टिकेनात. सोनपेठच्या काळ्या रानातही ती टिकली नसती. मृगाचा पहिला पाऊस झाला की चिखल मडगार्डात गच्च बसतो. ओल्या, मातीने माखलेल्या टायरवर रोलर नुसता गरगरत राहिला असता. होंडांनी इंजिन उचलून सायकलीच्या सांगाड्याच्या मधोमध आणलं आणि पट्ट्याने मागचं चाक फिरवलं. वजन खाली आलं, दोन्ही चाकांच्या मध्ये आलं. या एका हलवण्यात मला त्यांची सगळी समज दिसते.

मग त्यांनी गाडी पत्नीच्या, साची यांच्या हाती दिली. धान्य आणायला लांबलांब सायकल हाकावी लागणाऱ्या बाईला ही जमते का, हे त्यांना बघायचं होतं. भर रस्त्यातून जायचं म्हणून साचींनी आपली चांगली विजार घातली आणि ती तेलाने माखूनच परत आली. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल-तेलाचं मिश्रण उलटं फेकलं जात होतं. गिऱ्हाइकं रागावतील, हे त्यांनी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं आणि तो दोष पुढे काढून टाकला गेला. या गाडीचं पहिलं रसग्रहण साचींनी केलं, असं मी मानतो. कारागिराचं लक्ष इंजिनावर होतं. वापरणारीने सांगितलं की गाडीच्या हिशेबात कपडेही येतात.

सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र होंडांनी काढली नाही, ती म्हणजे पायडल. इंजिन चालत असताना ते निरुपयोगी दिसतं, नवख्याला ते कापून टाकावंसंही वाटेल. पण पेट्रोल संपलं, प्लग काळा पडला, चढ लागला, की पाय कामाला येतात. आपल्याकडे १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने आणलेली लूनाही पायडलवाली होती. इटलीच्या पियाजो कंपनीच्या चाओ या मोपेडवरून घेतलेली, ५० सीसीची. मोटारसायकल ज्याला परवडत नव्हती, त्या मास्तराला, पोस्टमनला, दूधवाल्याला तिने हक्काचं वाहन दिलं.

आज घरी गाडी करणारा मुलगा इंजिनाऐवजी विजेची मोटार घेतो. मोटार मागच्या चाकाच्या हबमध्येच, बॅटरी कॅरिअरवर किंवा सांगाड्यात. लिथियमचे दहा सेल एकापुढे एक जोडले की ३६ व्होल्ट होतात, पूर्ण भरल्यावर ४२. मोटार २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत ठेवून बाकीच्या अटी पाळल्या, तर आपल्याकडचा कायदा अशा गाडीला मोटार वाहन धरत नाही.

खरी कारागिरी दिसते ती चाकाच्या आसाशी. मोटार चाकाला पुढे ढकलते, तेवढाच उलटा पीळ आसाला बसतो. साध्या सायकलीची खाच त्यासाठी केलेलीच नाही. नट कितीही आवळा, एक दिवस खाच फाकते, आस जागेवर फिरतो आणि त्यातून आलेल्या वायरी पिळवटून तुटतात. उपाय म्हणजे आसाच्या चपट्या बाजू घट्ट धरणारी आणि दुसऱ्या टोकाला सांगाड्याशी कसलेली पोलादी पट्टी. घरी करणारे कित्येक जण यासाठी जुना पानाच कापून बसवतात. पान्याचं तोंड मुळात चपटी बाजू धरण्यासाठीच घडवलेलं असतं. पाणी धरणारं भांडं पेट्रोल धरू लागलं, नट धरणारा पाना आस धरू लागला. दोन्हीकडे वस्तूचा मूळ गुण ओळखूनच तिला नवं काम दिलं आहे, आणि नुसत्या जोडजाडीपासून ही कारागिरी वेगळी होते ती इथेच.

या गाडीत एका जागी मात्र मी अशी उसनी वस्तू मान्य करणार नाही. ती जागा ब्रेकची. ताशी १२ ची सायकल २५ वर गेली की वेग दुप्पट होतो, पण थांबवताना जिरवायची ऊर्जा चौपटीहून जास्त होते, आणि वर मोटार-बॅटरीचं वजन असतंच. जुनी झिजलेली रबरं ते पेलत नाहीत. म्हणून चांगला करणारा ब्रेकची मूठ दाबताच मोटारीची वीज तोडणारा स्विच बसवतो, नवे ब्रेक घालतो, आणि मोटार जोडायच्या आधी गाडी उतारावरून नुसतीच सोडून, थांबवून बघतो.