राजीची कसरत

धानाची कापणी उरकली की झाडीपट्टीत नाटकांचे मंडप पडतात आणि गोंदियातल्या गावागावांत लोक रात्र जागवतात. रात्र जागून गोष्ट बघायची सवय असलेल्या अशा मुलखातल्या पोरांनी ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम आवर्जून खेळावा. तो आपल्याच राज्यातला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने तो घडवला आणि 2020 मध्ये तो आधी निन्टेन्डो स्विचवर, मग कॉम्प्युटर आणि इतर कन्सोलवर आला.

रक्षाबंधनाच्या वेळी असुर मुलांना पळवून नेतात. त्यात राजीचा धाकटा भाऊ गोलूही असतो. त्याच्या शोधात निघालेल्या राजीला दुर्गा त्रिशूळ देते, विष्णू धनुष्य देतो, आणि तिची वाटचाल आपल्याला सांगतातही हे दोघेच.

शस्त्रं देवांची, पण अंगातली चपळाई राजीची स्वतःची. ती कसरतीचे खेळ करणारी पोर आहे, आणि मला या गेममधलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. असुरांनी घेरलं की ती खांबाकडे धावते, खांबाला हात घालून गर्रकन गिरकी घेते आणि त्याच झोकात त्रिशूळ फिरवते. भिंतीवर दोन पावलं चढून उलट झेप घेते. बाजारात दोरीवर चालणाऱ्या पोरीच्या पायांत जो तोल असतो, तोच इथे लढाईला कामी येतो. सुपरहिरोची ताकद बहुतेक वेळा बाहेरून लाभलेली असते. इथे ती पोटापाण्याच्या कलेतून आलेली आहे.

डोळ्यांचं तर पारणं फिटतं. राजस्थानी किल्ल्यांचे सज्जे आणि हाताने रंगवल्यासारख्या भिंती आहेत, मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या पडद्यावर घडतात. वाटेतल्या भित्तिचित्रांपाशी थांबलं की देवांच्या कथा ऐकू येतात. मी तिथे रेंगाळलो, आणि वाचकांनीही घाई करू नये.

उणिवा मात्र ठळक आहेत. कॅमेरा आपल्या हातात नाही, त्यामुळे उडीचा अंदाज चुकतो आणि राजी दरीत जाते. बटण दाबणं आणि वार बसणं यांत किंचित अंतर राहतं. गर्दीत ते फार जाचतं. चक्रं फिरवून चित्र जुळवायची कोडी सुंदर दिसतात, पण डोक्याला ताण देत नाहीत. पाच-सहा तासांत गेम संपतो, आणि तोही गोष्ट ऐन भरात असताना तुटल्यासारखा. इतक्या जिवाभावाने उभ्या केलेल्या बहीण-भावाला याहून पुरा शेवट मिळायला हवा होता.

तरीही छोट्या चमूचा हा पहिलाच गेम ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन मिळवून गेला, ते योग्यच झालं. 2022 च्या सुधारित आवृत्तीत राजी हिंदीत बोलू लागली. पुण्याच्या या मंडळींना एकच विनंती: पुढच्या खेपेस तिला मराठीतही बोलू द्या.