डाव्या कोपऱ्यातील वहिवाट

देवळाचा जीर्णोद्धार निघाला म्हणजे गावात दोन तट पडतात, हे कोणाही विश्वस्तास निराळे सांगावे लागत नाही. फरशी बदलावी, शिखर नवे करावे, सभामंडप रुंद करावा, याला सहसा कोणाची हरकत नसते. पण घंटा कोठे टांगावी आणि प्रदक्षिणेची वाट कोठून काढावी, या प्रश्नांवर सभा मध्यरात्रीपर्यंत चालते. परक्या माणसास हा निव्वळ हट्ट वाटतो. परंतु ज्या वृद्धाची दृष्टी गेलेली आहे आणि जो चाळीस वर्षे पायऱ्या मोजून, हात उंचावून घंटा वाजवीत आला आहे, त्याच्या हाताला एके दिवशी घंटा लागली नाही, तर त्याच्यापुरते देऊळच हलले असे म्हटले पाहिजे.

आज आम्ही ज्या विषयाची समीक्षा करू इच्छितो तो देवळाचा नव्हे, संगणकाचा आहे. तथापि प्रश्न तोच आहे. संगणकाची कार्यप्रणाली दर काही वर्षांनी नवे रूप धारण करते, आणि ती वापरणारे लोक दर वेळी कुरकुरतात. ही कुरकुर कितपत न्याय्य आहे, हे ठरविताना आजवर रूप बदलणाऱ्यांची बाजूच अधिक ऐकली गेली आहे. दुसरी बाजू मांडणे हे आमच्या व्यवसायास धरूनच होईल.

प्रथम हकीकत थोडक्यात सांगू. मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘विंडोज ९५’ ही प्रणाली २४ ऑगस्ट १९९५ रोजी विक्रीस आली. पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’ अक्षरांचे बटण प्रथम दिसले ते तेव्हा. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी ‘विंडोज ८’ आली आणि ते बटण नाहीसे झाले. त्याच्या जागी पडदाभर रंगीत चौकोनांची फरसबंदी आली. बोटाने स्पर्श करून चालवावयाच्या लहान यंत्रांसाठी ती रचना सोयीची होती; पण टेबलावरच्या यंत्रापुढे माउस हातात घेऊन बसलेल्या माणसास संगणक बंद कसा करावा हेही शोधावे लागले. लोकांचा रोष इतका वाढला की, २०१३ च्या ऑक्टोबरात बटण परत आले आणि २०१५ च्या जुलैत ‘विंडोज १०’ बरोबर जुन्या धर्तीची यादीही परतली. पुढे ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या ‘विंडोज ११’ मध्ये हे बटण कोपरा सोडून मध्याकडे सरकले, खालची पट्टी कडेला अगर वर नेण्याची जुनी सोय गेली, आणि माउसच्या उजव्या कळीने उघडणारी यादी आखडून तिच्यातील कितीएक कामे ‘आणखी पर्याय’ या पडद्याआड गेली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ चा नियमित आधार संपला, तेव्हा ज्यांनी चार वर्षे चालढकल केली होती त्यांनाही या नव्या उंबरठ्याशी येणे भाग पडले.

या बदलांवर जो वाद माजतो तो पाहिला की आम्हांस पांढुर्ण्याच्या गोटमारीची आठवण होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा व दुसऱ्या काठावर सावरगाव उभे राहते, दगडांचा वर्षाव होतो, आणि पात्राच्या मध्यभागी पळसाचे झाड झेंड्यासह उभे असते. या वादातही एका काठावरून ‘नवे ते सारे वाईट’ आणि दुसऱ्या काठावरून ‘लोकांना बदल नकोच असतो’ असे दगड येतात. मधला झेंडा मात्र तेथेच राहतो. तो झेंडा म्हणजे हा प्रश्न: कोणता बदल करण्याचा अधिकार मालकास आहे, आणि कोणत्या बदलापूर्वी त्याने वापरणाऱ्यास विचारले पाहिजे?

कायद्याच्या भाषेत पाहू. १८८२ चा सुविधाधिकार अधिनियम मुळात ज्या थोड्या प्रदेशांस लागू झाला त्यांत आमचा मध्यप्रांत होता. त्याच्या १५ व्या कलमान्वये, दुसऱ्याच्या जमिनीतून वीस वर्षे उघडपणे, अखंडपणे व हक्काने ये-जा केली तर वाटेचा हक्क उत्पन्न होतो. डावा कोपरा १९९५ पासून २०१२ पर्यंत वहिवाटीत होता. सतरा वर्षे व दोन महिने. म्हणजे पहिल्या खेपेस फिर्यादी मुदतीच्या अटीवरच हरला असता! २०२१ पर्यंतची गणना करावी तर सव्वीस वर्षे होतात, पण मध्ये एक वर्षाचा खंड पडलेला. प्रतिपक्षाचा वकील तो खंड दाखविल्यावाचून राहणार नाही.

त्याचे खरे उत्तर याहून भारी आहे. तो म्हणेल की ही वहिवाट नव्हेच. ही केवळ परवानगी आहे. संगणकाची प्रणाली आपण विकत घेत नाही, ती वापरण्याचा परवाना घेतो. आणि दिलेला परवाना देणारा मागे घेऊ शकतो. कायद्याचे सामान्य तत्त्व हेच आहे. परंतु त्याच अधिनियमाचे ६० वे कलम एक मोठा अपवाद सांगते. परवानगीवर विसंबून जर परवानाधारकाने कायम स्वरूपाचे काम केले असेल व त्यासाठी खर्च सोसला असेल, तर परवानगी काढून घेता येत नाही. हे कलम स्थावर मालमत्तेविषयी आहे, संगणकाविषयी नाही, याची आम्हांस जाणीव आहे. पण त्यामागील न्यायबुद्धी तेवढीच संकुचित आहे काय? ज्या माणसाने वीस वर्षांत आपली बोटे, आपली नजर व आपली स्मृती एका विशिष्ट मांडणीवर घडविली, त्याने कायम स्वरूपाचे काम केलेले नाही काय? ते काम विटांचे नाही एवढेच. त्याचा खर्च त्याने आयुष्याच्या दिवसांनी भरला आहे.

आमच्या कार्यालयात साठीकडे झुकलेले एक मुनशीजी आहेत. मूळचे सौंसरकडचे, घरात मराठी, कचेरीत हिंदी. वादपत्रे हिंदीत लिहिणे आणि जुन्या मराठी दस्तऐवजांची हिंदी भाषांतरे टंकित करणे हे त्यांचे काम. इंग्रजी अक्षरे त्यांस ओळखता येतात, पण इंग्रजी वाचता येत नाही. नव्या प्रणालीचे यंत्र त्यांच्यापुढे आले त्या सकाळी त्यांनी माउस सरळ डाव्या कोपऱ्यात नेला आणि ते थांबले. थोड्या वेळाने म्हणाले, “वकीलसाहेब, आमचं दार कुठं गेलं?”

या एका प्रश्नात आमच्या मते सारी समीक्षा आहे. ज्यास इंग्रजी वाचता येते त्याच्यासाठी पडद्यावरील शब्द हा शब्द असतो. तो हलला तरी वाचून ओळखता येतो. ज्यास ती भाषा येत नाही त्याच्यासाठी जागा हाच शब्द असतो. कोपरा म्हणजे ‘उघड’, वरून तिसरी ओळ म्हणजे ‘छाप’. जागा बदलणे म्हणजे त्याची भाषा बदलणे होय. मराठी आणि कोकणी चेहरा विंडोजला चढविण्याची सोय कंपनीने केलेली आहे, हे मान्य करून तिला श्रेय दिले पाहिजे. पण आमच्या बाजारपेठांत यंत्र बसवून मिळते ते बहुधा इंग्रजीतच, आणि संत्र्याच्या आडत्यापासून अर्जनवीसापर्यंत सर्वजण ते जागेच्या खुणेवरच चालवितात. रूप बदलणाऱ्यांनी ज्या लोकांवर आपले प्रयोग पारखले असतील त्यांत असा माणूस कितीदा असेल, हे वाचकांनीच ठरवावे.

मात्र न्यायाधीशाने एकाच पक्षाचे ऐकू नये. लोकांच्या सर्वच तक्रारी ग्राह्य नसतात. खिडक्यांचे कोपरे गोल झाले, रंग फिका झाला, चित्रे बदलली, या तक्रारी देवळाच्या चुन्याच्या रंगाविषयी भांडण्यासारख्या होत. याहून महत्त्वाचे असे की, कधी कधी वापरणारा चुकतो आणि बदल बरोबर असतो. याचेही उदाहरण मुनशीजींचेच आहे. ज्या जुन्या टंकात ते लिहीत त्यात देवनागरी अक्षर हा केवळ मुखवटा असतो. आत साठविलेली असतात रोमन अक्षरे. यंत्र बदलणाऱ्या कारागिराने तो टंक नव्या यंत्रावर चढविलाच नाही. परिणामी वारसांची एक यादी कागदावर उतरली ती अर्थहीन रोमन अक्षरांच्या रांगांत. सुदैवाने ती दाखल होण्यापूर्वी ध्यानात आली. युनिकोडमध्ये लिहिले असते तर तो प्रसंग येता ना. त्यात ‘क’ हा सर्व यंत्रांवर ‘क’च राहतो. टंकलेखकांनी युनिकोडला वर्षानुवर्षे केलेला विरोध समजण्यासारखा होता, पण योग्य नव्हता. मुनशीजींनी तो सोडला, हे त्यांच्याविषयी आदराने नमूद करतो.

येथे एक जुने प्रकरण आठविल्यावाचून राहवत नाही. १९५३ मध्ये उत्तर प्रदेश शासनाने लखनौस लिपिसुधारणा परिषद भरविली. छापखान्याच्या व टंकयंत्राच्या सोयीसाठी ह्रस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या डावीकडून काढून उजवीकडे आखूड दंडाने लावावी, असे तेथे ठरले. वाचकांनी ते स्वीकारले नाही, आणि काही वर्षांतच ती सुधारणा मागे घ्यावी लागली. त्या वेळी लोकांस रूढिप्रिय म्हणणारे पुष्कळ निघाले. पुढे काय झाले? युनिकोडने यंत्राची अडचण खरोखरीच दूर केली. ‘कि’ लिहिताना आत आधी ‘क’ साठविला जातो व मागून वेलांटी, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. डोळ्यांस मात्र वेलांटी आपल्या जुन्या जागी, डावीकडेच दिसते. यंत्राने आपली सोय आपल्या पोटात केली. वाचकाच्या नजरेवर तिचा भार टाकला नाही. इतकेच नव्हे, तर ज्यांची बोटे जुन्या टंकयंत्रावर घडली होती त्यांच्यासाठी रेमिंग्टनच्या धर्तीचा कळफलकही युनिकोडवर बसविण्यात आला. पाया नवा, उंबरठा जुना. सुधारणा कशी करावी याचा याहून चांगला नमुना आम्हांस ठाऊक नाही. १९५३ चे वाचक अडाणी नव्हते. ते फक्त म्हणत होते की अडचण तुमची आहे, ती आमच्या डोळ्यांत ढकलू नका.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. अंगभूत काय आणि वरवरचे काय, हे कोणी ठरवावे? १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, धर्माचे अंगभूत असे काय, हे मुख्यतः त्या धर्माच्या स्वतःच्या शिकवणुकीवरून ठरवावयाचे. उडुपीच्या मठाचा हा निर्णय आमच्या वाचकांस अपरिचित नसेल. त्यामागील विवेक येथेही उपयोगी आहे. बटण ही किरकोळ वस्तू आहे की दार आहे, हे त्या दारातून रोज जाणाऱ्याकडून समजून घेतले पाहिजे. सौंसरजवळ जामसावळीस हनुमंत पहुडलेले आहेत. तेथे २०२३ मध्ये ‘हनुमान लोक’ उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. मार्ग, मंडप, दुकाने यांची नवी आखणी झाली. पण दर्शनाच्या सोयीसाठी मूर्ती उभी करावी, अशी सूचना करण्याचे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. भक्तास ठाऊक आहे की कोठे हात लावावयाचा नाही.

यावर कोणी म्हणेल की मग काहीच हलवू नये काय? आमचे तसे म्हणणे नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जुलमामुळे मंगेशास कुशस्थळीहून प्रियोळास आणि शांतादुर्गेस केळशीहून कवळ्यास न्यावे लागले. याहून मोठा स्थानबदल तो कोणता? तरीही भक्त मागोमाग गेले, कारण बदलाचे कारण त्यांच्या डोळ्यांपुढे होते, आणि देव हलविणारे हात त्यांचे स्वतःचे होते. बदल सोसण्याची शक्ती लोकांत अपार असते. विश्वासात न घेता केलेला बदल मात्र त्यांस अपमानासारखा लागतो.

मुक्त प्रणालींच्या जगात या अपमानावर निदान एक उपाय आहे. लिनक्स घराण्यातील उबुंटू ही प्रणाली आपल्या जिल्हा न्यायालयांच्या संगणकीकरणातही वापरली गेली. तिने २०११ मध्ये ‘युनिटी’ हे नवे रूप घेतले, पुष्कळांस ते रुचले नाही, आणि २०१७ मध्ये तिनेच ते टाकले. त्याच सुमारास ‘नोम’ या रूपाच्या नव्या अवताराने असंतुष्ट झालेल्यांनी जुन्याचा मूळ आराखडा घेऊन ‘माते’ नावाची स्वतंत्र शाखाच चालविली. मतभेद झाल्यास निराळा मठ स्थापण्याचा हा अधिकार परवान्याच्या मालमत्तेत नसतो. तेथे फक्त आरडाओरड करता येते; आणि २०१३ ने दाखविले की तीही अगदी वाया जात नाही.

सारांश, ‘विंडोज ११’ विषयी आमचा निर्णय संमिश्र आहे. बटण पुन्हा डावीकडे नेण्याची मुभा तीत पहिल्यापासून आहे, ही स्तुत्य गोष्ट होय. काही काढून घेतलेल्या सोयी २०२२ व २०२३ मध्ये परत दिल्या गेल्या, हेही खरे. पण ती मुभा इंग्रजी यादीच्या चार थरांखाली ठेवून दार मात्र सर्वांचे हलविणे, हा क्रम उलटा आहे. ज्यास नवे हवे त्याने शोधावे. जुन्या वहिवाटदारास शोधावयास लावू नये.

मुनशीजींच्या यंत्रावरील बटण आम्ही दुसऱ्याच दिवशी डाव्या कोपऱ्यात नेऊन दिले. पण मधल्या त्या एका दिवशी ते आम्हांस म्हणाले होते, “आता आमचं काम संपलं, साहेब. पोरांना ठेवा.” तीस वर्षांचा दस्तऐवजांचा जाणकार, कोणत्या गावच्या कोणत्या शेताची हद्द कोठे वळते हे तोंडपाठ सांगणारा माणूस, एका बटणापायी स्वतःस निरुपयोगी समजू लागला होता. आज ते पूर्ववत कामावर येतात. तो दिवस मात्र आमच्या हिशेबातून खोडला जात नाही.

ज्यांच्या हाती अशी दारे हलविण्याची सत्ता आहे त्यांनी एवढे ध्यानी धरावे की, घंटेकडे उंचावलेला हात रिकामा परतला तर दोष हाताचा नसतो.