दोन दिवसांचं तासगाव : फॅम ट्रिपचे लेख संदर्भ म्हणून वाचताना

पर्यटनाच्या धंद्यात 'फॅम ट्रिप' नावाचा एक प्रकार आहे. फॅम म्हणजे फॅमिलियरायझेशन, ओळख करून देणं. प्रवासावर आणि खाण्यावर लिहिणाऱ्या आठ-दहा लोकांना एका गाडीत बसवून एखाद्या भागात नेतात. गाडी, मुक्काम, जेवण सगळं यजमानांकडून. लेखकांनी फिरायचं, खायचं, फोटो काढायचे आणि घरी जाऊन लिहायचं. यात चोरी-लबाडी काही नाही, जगभर चालतं. पण 'न्यूयॉर्क टाइम्स'सारखं वर्तमानपत्र आपल्या प्रवासलेखकांना फुकटचा प्रवास आणि मुक्काम घेऊ देत नाही, आणि आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेने (एएससीआय) २०२१ मध्ये समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्यांसाठी नियम केले की मोबदला किंवा फुकट सोय घेतली असेल तर तसं स्पष्ट सांगा. यावरून प्रश्न कुठे आहे ते कळतं.

आता हे सगळं संशोधनाच्या ब्लॉगवर कशाला? कारण असं : मी द्राक्ष सुकवण्याच्या प्रक्रियेवर पीएचडी करते. मागच्या वर्षी एका ज्युनियरने मला त्याचा सिनॉप्सिस वाचायला दिला. प्रस्तावनेत एक वाक्य होतं, 'तासगाव परिसरात द्राक्षे पारंपरिक पद्धतीने उन्हात वाळवून बेदाणा तयार केला जातो.' खाली संदर्भ होता, एका प्रवासविषयक संकेतस्थळावरचा लेख. त्याने त्यावरूनच प्रयोगाचा कंट्रोल ठरवला होता : उघड्या उन्हात वाळवलेली, कसलीही प्रक्रिया न केलेली द्राक्षं. म्हणजे तीन वर्षं ज्या गोष्टीशी तुलना करायची, ती गोष्ट तासगावात व्यापारी पातळीवर जवळपास कुणी करतच नाही. मग मी त्या लेखाचा माग काढला. तो तासगाव-सांगली भागातल्या अशाच एका खाद्य-इतिहास सहलीतून आला होता. त्या सहलीतून आलेले मिळाले तेवढे सगळे, म्हणजे सहा लेख वाचले. लेखकांची आणि आयोजकांची नावं देत नाही, कारण मुद्दा त्यांचा नाही, हा प्रकार वाचायचा कसा याचा आहे.

पहिली गोष्ट तारीख. सहल दोन दिवसांची, गणेश चतुर्थी आणि ऋषिपंचमी. कारण उघड आहे. तासगावचा रथोत्सव ऋषिपंचमीला होतो, गणपतीचा लाकडी रथ लोक दोरांनी ओढत काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत नेतात आणि परत आणतात, आणि गुलाल एवढा की माणूस ओळखू येत नाही. लिहिणाऱ्याला याहून चांगला देखावा कुठला मिळणार? पण भाद्रपदात द्राक्षबागेत काय असतं? आपल्याकडे वेलीची छाटणी दोनदा होते. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, ती काडी तयार करण्यासाठी. मग ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, आणि त्यानंतर घड. माल जानेवारीपासून निघतो, बेदाण्याच्या शेडवर गर्दी असते ती फेब्रुवारी ते एप्रिल. भाद्रपदात बागेत पानं असतात, घड नाही. शेड रिकामी असते, जाळ्या गुंडाळून ठेवलेल्या. तरी सहापैकी दोन लेखांत 'द्राक्षांच्या घडांनी लगडलेले मांडव' आले आहेत. एकात तर बेदाणा वाळतानाचा वाससुद्धा आहे! फोटो बहुतेक कुणीतरी पुरवलेले असणार.

संशोधनाच्या भाषेत हा सॅम्पलिंगचा प्रश्न आहे. निरीक्षणाची वेळ उत्सवाने ठरवली, आणि निष्कर्ष मात्र पिकाबद्दल काढले. तुम्ही फील्डवर जाता तेव्हा गाईडच्या सुट्ट्या आणि एसटीचं वेळापत्रक बघून तारीख ठरवता की नाही? तेच हे.

आता 'उन्हात वाळवलेला' हे बघू. हिरवट-पिवळा बेदाणा तयार होतो तो सावलीत. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, त्यातून पाणी सहज बाहेर पडत नाही. म्हणून घड पाण्यात बुडवतात, त्या पाण्यात लिटरला साधारण २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर डिपिंग ऑइल. या तेलात मुख्य घटक एथिल ओलिएट. दोन-चार मिनिटांत मेणाच्या थराची रचना बदलते, पाणी सुटायला वाट मिळते. मग माल शेडमधल्या एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर, म्हणजे रॅकवर, पसरतात. वरून छप्पर, बाजूंनी वारा. साधारण पंधरा दिवसांत माल तयार. थेट ऊन लागलं तर रंग काळपट होतो, कारण सालीतलं एन्झाइम आणि उष्णता मिळून तपकिरीपणा आणतात. रंग राखायला गंधकाची धुरीही देतात. ही मूळची ऑस्ट्रेलियात रुळलेली पद्धत, आपल्या शेतकऱ्यांनी इथल्या हवेला जुळवून घेतलेली.

सहा लेखांपैकी पाचांत डिपिंगचा उल्लेखच नाही. सहाव्यात आहे, तो असा की 'शेतकरी आता केमिकलमध्ये बुडवू लागले आहेत'. दोन्ही टोकं चूक. एथिल ओलिएट म्हणजे ओलिक आम्लाचं एस्टर. ओलिक आम्ल ऑलिव्ह तेलात भरपूर असतं, शेंगदाण्याच्या तेलातही असतं. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत : वापरलेलं तेल फूड ग्रेड आहे का, गंधकाचं प्रमाण किती उरलं, बागेत फवारलेल्या औषधांचे अवशेष किती. हे प्रश्न कष्टाचे आहेत, त्यांना प्रयोगशाळा लागते. 'नैसर्गिक' आणि 'केमिकल' हे दोन शब्द वापरले की प्रश्न न विचारता वाक्य पूर्ण होतं. आणि याची किंमत लेखक मोजत नाही, ती मोजतो बाजारात माल घेऊन आलेला माणूस.

एका लेखात 'दहा किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा' असं आहे. हे तपासायला तासगावला जायचीही गरज नाही. पिकलेल्या द्राक्षात विद्राव्य घन पदार्थ, मुख्यतः साखर, २२ टक्के धरा. चार किलोत झाले ८८० ग्रॅम. बेदाण्यात पाणी १५ टक्के ठेवतात, म्हणजे ८८० भागिले ०.८५, साधारण १,०३५ ग्रॅम. चारास एक, शेतकरी सांगतात तेच. दहा किलोत २,२०० ग्रॅम घन पदार्थ असतील, ते एक किलोच्या बेदाण्यात बसवायचे कसे? कुठलाही आकडा उचलण्याआधी असा दोन ओळींचा हिशेब करायची सवय लावून घ्या, गाईडसमोर बसल्यावर उपयोगी पडते.

'शतकानुशतकांची परंपरा' हा शब्दप्रयोग सहाही लेखांत आहे. दोघांनी पुरावा दिला आहे की पेशवाईतल्या मेजवान्यांत बेदाणे असत. असतीलही. पण बेदाणा हा शब्द फारसी, बे-दाणा, म्हणजे बी नसलेला. सुकामेवा त्या काळी अफगाणिस्तानाकडून व्यापारातून येत असे. शब्द जुना म्हणून इथलं उत्पादन जुनं, असं होत नाही. तासगावच्या बेदाण्यामागे थॉमसन सीडलेस हे वाण आहे आणि ते आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर पसरलं स्वातंत्र्यानंतर. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी त्यातूनच निवड करून 'तास-ए-गणेश' हे वाण पुढे आणलं. नावातच तासगाव, आर्वे आणि गणपती तिन्ही आहेत. हा इतिहास एका माणसाच्या हयातीतला आहे, आणि मला तरी तो पेशव्यांच्या पंगतीपेक्षा जास्त रोमांचक वाटतो. सहाही लेखांत आर्वे नाहीत.

नाहीत तसे श्री. अ. दाभोलकरही नाहीत. गणिताचा हा प्राध्यापक 'प्रयोग परिवार' चालवायचा, आणि तासगाव भागातले द्राक्ष बागायतदार त्यात जोडले गेले होते. पान किती, त्यावर ऊन किती पडतं, त्यातून साखर किती बनते, असा हिशेब शेतकऱ्याने स्वतः मांडायचा आणि एकमेकांना सांगायचा. आजही बागायतदार एकमेकांच्या बागा बघायला जातात. त्यांचीही ती समूहसहलच. पण तिथे पाहुणा यजमानाला विचारतो, छाटणी कोणत्या तारखेला घेतली, काडीवर किती घड ठेवले, पाणी कधी तोडलं. आणि यजमान फसलेला प्लॉटही दाखवतो, कारण पुढच्या वर्षी तो याच्या बागेत येणार असतो. फॅम ट्रिपमध्ये फसलेला प्लॉट दाखवायला कुणाला कारणच नसतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ च्या अवकाळी पावसाने या भागातल्या बागांचं काय केलं, हे एकाही लेखात येत नाही ते यामुळेच.

इतिहासाकडे वळू. गणपती मंदिर परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलं, सात मजली गोपुर दक्षिणी धाटणीचं. लेखांत कारण दिलं आहे, 'भाऊंनी टिपूविरुद्धच्या मोहिमेत दक्षिणेतली गोपुरं पाहिली आणि तसंच बांधलं.' वाचायला छान. पण बांधकामाचा काळ सांगितला जातो १७७९ ते १७९९. ज्या मोहिमेत भाऊंनी धारवाडला वेढा घातला, ती १७९० नंतरची. तिचं वर्णन एडवर्ड मूर या इंग्रज अधिकाऱ्याने १७९४ च्या पुस्तकात केलंय. म्हणजे काम सुरू झालं तेव्हा ही मोहीम अकरा वर्षं पुढे होती. दावा यामुळे खोटा ठरत नाही, कारण पटवर्धन हैदरविरुद्ध कर्नाटकात त्याआधीपासून लढत होते, आणि गोपुर कामाच्या शेवटी उभं राहिलं असणंही शक्य आहे. पण मग कोणती मोहीम, कोणतं गोपुर, बांधकामातला कोणता टप्पा, हे सांगावं लागेल. कारण आधी आणि परिणाम नंतर, एवढी तरी शिस्त पाहिजे. भाऊ १७९९ मध्येच पट्टणकोडीच्या लढाईत पडले. जुनं वर्णन हवं असेल तर सांगलीच्या नावाने शोधू नका. तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, म्हणून १८८५ च्या मुंबई गॅझेटियरचा सातारा खंड बघा. सांगली जिल्हा १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला आजचं नाव मिळालं.

जेवणाबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण हे लोक खाण्यावर लिहिणारे होते. ऋषिपंचमीच्या दुपारी त्यांना 'अस्सल गावरान थाळी' मिळाली : ज्वारीची भाकरी, पिठलं, खर्डा, भरलं वांगं, अख्खा मसूर, खीर. अख्खा मसूर इस्लामपूर-कराडकडच्या ढाब्यांवरचा. हे सगळं एका ताटात एका दिवशी कुठल्या घरात होतं मला सांगा. पण खरी गंमत पुढे आहे. ऋषिपंचमीला अनेक घरांतल्या बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. नांगरलेल्या रानातलं धान्य वर्ज्य, म्हणजे भाकरी आणि पिठलं दोन्ही गेलं. त्या दिवशी शिजते ऋषीची भाजी. परसात, बांधावर आलेलं अळू, माठ, अंबाडी, भोपळा, सुरण, मक्याची कणसं, सगळं एकत्र, तेल-मसाला जवळपास नाही. अन्नाचा इतिहास लिहायला आलेल्या माणसांना वर्षातल्या नेमक्या त्या दिवशी, त्या गावात, हॉलमध्ये बसवून भाकरी-पिठलं वाढलं, आणि शेजारच्या गल्लीत ऋषीची भाजी शिजत असणार. सहांपैकी एकीने मात्र नोंद केली आहे की वाढणाऱ्या बाई स्वतः जेवल्या नाहीत, 'आज मला चालत नाही' म्हणाल्या. का चालत नाही, हे तिने विचारलं नाही. तरी ते वाक्य लेखात राहू दिलं, आणि सहा लेखांतलं माझ्या मते सगळ्यात मोलाचं निरीक्षण तेच.

म्हणून हे लेख फेकून द्या असं मी म्हणत नाही. भडंगाच्या दुकानात कढईत लसूण कधी पडतो, रथाचा दोर हातात घेतल्यावर काय होतं, हे त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंय. जे डोळ्यांनी पाहिलं, चाखलं, तिथपर्यंत त्यांच्यावर भरवसा ठेवा. जे ऐकून लिहिलं, तिथे सांगणारा कोण हे शोधा. 'जगात सर्वोत्तम असल्याने मानांकन मिळालं' असं वाक्य दिसलं की समजा ते माहितीपत्रकातून आलंय. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे खरं, पण ते मूळ ठिकाणाशी असलेलं नातं सांगतं, तुमच्या हातातल्या पाकिटाची प्रत नाही. सिनॉप्सिसमध्ये अशा लेखाचा संदर्भ द्यायचाच असेल तर लोक या मालाबद्दल काय बोलतात याचा पुरावा म्हणून द्या, माल कसा बनतो याचा म्हणून नको. ज्युनियरने कंट्रोल बदलला, आता सावलीतला बिनडिपिंगचा माल आणि डिपिंगचा माल अशी तुलना आहे.

सहलीच्या वेळापत्रकात मार्केट यार्ड होतं, 'वेळ मिळाल्यास' या शेऱ्यासह. वेळ मिळाला नाही. तिथे बेदाण्याचे सौदे होतात. व्यापारी पेटी फोडतात, मूठभर माल हातात घेऊन बघतात, आणि बराचसा खाली सांडतो. त्याला उधळण म्हणतात. रथापुढे उधळतात त्यालाही उधळणच म्हणतात, फक्त तिथे कुणाची तूट पडत नाही. सौद्यातली तूट कुणाच्या खात्यावर धरायची यावर शेतकरी आणि व्यापाऱ्यांची भांडणं झालेली आहेत. एमएस्सीच्या प्रकल्पाला विषय हवा असेल तर मार्चमध्ये या. एक वजनकाटा आणा, यार्डात परवानगी घ्या, आणि पेटीचं वजन सौद्याआधी आणि सौद्यानंतर टिपून ठेवा.