'चाइल्ड बिअर' लिहिणाऱ्याची बाजू

हायवेवरच्या दुकानाची पाटी. लिहायचं होतं 'चिल्ड बिअर', रंगवलं गेलं सी-एच-आय-एल-डी. म्हणजे 'चाइल्ड बिअर'! असा फोटो तुमच्याही ग्रुपवर कधीतरी आला असेल आणि तुम्ही हसरी इमोजी टाकली असेल. मीही टाकली होती. नंतर विचार केला, या पेंटरचं नेमकं चुकलं काय? 'चिल्ड्रन'मध्ये हीच पाच अक्षरं याच क्रमाने येतात आणि तिथे उच्चार 'चिल्ड'च होतो. त्याने ऐकलं, नियम लावला, लिहिलं. दगा दिला तो इंग्रजीने.

स्पेलिंगच्या बहुतेक चुकांमागे असाच काही तर्क असतो. क्लासच्या पाटीवर 'ट्युशन'मधला पहिला आय गळतो, कारण तो आपल्याला ऐकूच येत नाही. 'प्रनन्सिएशन'मध्ये जादा ओ घुसतो, कारण 'प्रोनाउन्स'मध्ये तो आहे. 'डेफिनेटली'त आयच्या जागी ए येतो, कारण तिथला स्वर इतका पुसट आहे की जन्माने इंग्रजी बोलणारेही हमखास अडखळतात. चूक म्हणजे अडाणीपणा नव्हे. ती माणूस भाषा कशी ऐकतो, हे सांगते.

उलट काही 'बरोबर' स्पेलिंगंच चुकीतून आली आहेत. 'डेट' म्हणजे कर्ज. हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. पुढे विद्वानांनी त्याचं लॅटिन मूळ दाखवण्यासाठी तो घातला. उच्चारात तो कधीच आला नाही. 'आयलंड'मधला एस तर निव्वळ गैरसमज. हा शब्द जुन्या इंग्रजीतला. दुसऱ्याच, लॅटिन कुळातल्या 'आइल'शी नातं जोडून त्याला एस चिकटवला गेला. पंडिताची चूक शब्दकोशात जाते, पेंटरची मीममध्ये.

शेक्सपिअरला हे दिसलं होतं. 1598 साली छापलेल्या 'लव्हज लेबर्स लॉस्ट'मध्ये एक मास्तर आहे, होलोफर्नीस. लोक 'डेट'मधला बी उच्चारत नाहीत म्हणून तो चिडतो. नाटक मात्र लोकांना नाही, त्यालाच हसतं.

आपल्याकडचं दुखणं थोडं वेगळं आहे. आपण चुकीला नुसतं 'चूक' म्हणत नाही, 'अशुद्ध' म्हणतो. म्हणजे लिहिणाराच जणू विटाळला. पण ही शुद्धता तरी किती टिकते? 'कांहीं', 'नांव' हे एकेकाळी शुद्ध होतं. 1962च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि तेच अशुद्ध ठरलं. इंग्रजीला जे जमलं नाही, ते मराठीने निदान त्या बाबतीत करून दाखवलं: कानाचं ऐकलं.

याचा अर्थ स्पेलिंग कसंही चालेल असा नाही. औषधाच्या नावात एक अक्षर चुकलं तर जिवावर बेतू शकतं. तिथे चूक दुरुस्त करावीच लागते. पण दुरुस्त करणं वेगळं आणि हसणं वेगळं. हसण्यातून आपण बहुतेकदा एवढंच सांगतो, की मला इंग्रजी शाळा मिळाली आणि तुला नाही.

त्या पाटीखाली बिअर गारच मिळत असणार. वाचणाऱ्याला ते कळलंही होतं. कळलं नसतं, तर हसू आलंच नसतं.